उष्माघात : निरंक

एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी कोणता शब्द सर्वात जास्त वेळा लिहिला असेल, तर तो 'निरंक'. निरंक म्हणजे काही नाही. आज हिवताप किती? निरंक. गॅस्ट्रो किती? निरंक. साप चावलेले? निरंक. सरकारला कोरी जागा चालत नाही. काही घडलं नसेल तर ते घडलं नाही, हेसुद्धा सहीनिशी कळवावं लागतं. हा शब्द लिहायला मला कधी अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही. एकदाच लागायला हवा होता, तेव्हाही लागला नाही. हा लेख त्या एका निरंकाबद्दल आहे.

मी डॉक्टर नव्हतो. आरोग्य सेवक होतो, नायगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं मला अजून फुकट चहा मिळतो, तो बंद पडायला नको. आरोग्य सेवकाचं काम सोपं आणि पायाचं. घरोघर फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, रांजणात आणि टाक्यांत डासांच्या अळ्या शोधायच्या, पिण्याच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर पडली की नाही ते बघायचं. गावात मला सगळे 'मलेरिया मामा' म्हणत. म्हातारी माणसंही मामाच म्हणत. पाच-सहा गावांच्या जत्रेत लंगोट लावणारा एक पैलवान होता. त्याच्या बोटाला सुई लावली तर तो माझ्या मांडीवर आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मामा, हे कोनाला सांगू नका." आज पहिल्यांदा सांगतोय.

मध्ये एक वर्ष मला लातूरला पाठवलं होतं. शहराला टँकरनं पाणी येत होतं आणि त्या पाण्यातलं क्लोरीन तपासायला माणसं कमी पडत होती. तपासणी अशी की, नळीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे, नाही आला तर टँकर परत. डाळमिलच्या रस्त्यावर उन्हात मी खुर्ची टाकून बसायचो. टँकरवाले माझ्यावर वैतागलेले असत. एक ड्रायव्हर म्हणाला, "मामा, हाय म्हनून लिहून टाका की. पानी काय बोलनार हाय का?"

मी म्हटलं, "पाणी बोलतं. पिवळं होऊन बोलतं. तू गप बस."

वर्षभरात पिवळा रंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकाही टँकरपुढं बरोबरची खूण केली नाही. या गोष्टीचा मला लई गर्व होता. पुढचं वाचताना हा गर्व लक्षात ठेवा.

हवामान बदलतंय, हे मला कुणी शिबिरात शिकवण्याआधी माझ्या काचपट्ट्यांच्या डब्यानं सांगितलं होतं. नोकरीला लागलो तेव्हा तापाचे दिवस म्हणजे भादवा आणि आश्विन. दिवाळीला डबा धुऊन ठेवला की सुटलो. पुढं पुढं दिवाळी झाली तरी तापाची माणसं येत राहिली. उन्हाळ्याचंही तसंच. पूर्वी होळीनंतर ऊन लागायचं, आता शिवरात्रीलाच गळ्यात रुमाल येतो. दिवसाचं ऊन आमच्या मराठवाड्याला नवं नाही. पण आता रात्रही निवत नाही. घरावर पत्रे आले, गल्लीत सिमेंट आलं, लिंबाची झाडं रस्त्यात गेली, त्यामुळं पहाटे चारलासुद्धा भिंत हाताला कोमट लागते.

मग सरकारनंही उन्हाळ्याची दखल घेतली. प्रत्येक दवाखान्यात एक खाट, एक कूलर आणि दारावर 'उष्माघात कक्ष' असा कागद. आम्हाला एक नवा रकाना मिळाला. मार्च ते जून, रोज चार वाजता तालुक्याला फोन करायचा : उष्माघात किती? निरंक.

आता त्या लग्नाकडं येतो.

आमच्या भागातलं लग्न दुपारी लागतं, तेही मे महिन्यात. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण त्याला कारण आहे. मेमध्ये रान मोकळं असतं, शाळांना सुट्टी असते. पाहुणे बिलोली, देगलूर, उदगीर अशा चार दिशांनी सकाळच्या एसटीनं निघतात, लग्न लावून जेवतात आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचतात. पत्रिकेवर बारा पस्तीसचा मुहूर्त असतो. नवरदेवाचे मित्र डीजेपुढं नाचत राहतात आणि अक्षता अडीचला पडतात. नवरदेवाचा बाप तोवर उपाशी असतो. लग्न लागेपर्यंत घोटभर पाणी घ्यायलाही त्याला लाज वाटते, कारण पाहुणे म्हणतील, वरबापच आधी बसला.

गणपतराव असेच उपाशी होते. पन्नाशीतला, धडधाकट माणूस. थोरल्या मुलाचं, दत्ताचं लग्न त्यांच्याच दारी होतं. मुलगी बिलोली तालुक्यातली, दहावी झालेली, नाव मीरा. डोक्याला फेटा बांधून गणपतराव सकाळपासून मंडपातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून मंडपात पळत होते. शेवटची अक्षता पडली, पंगत बसली आणि ते वाढपी पोरांवर ओरडता ओरडता भलतंच बोलायला लागले. मेलेल्या भावाला हाक मारली. मग खाली बसले ते आडवेच झाले.

मीही त्या पंगतीला होतो. धावत गेलो. कपाळाला हात लावला आणि मागं घेतला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. उष्माघात म्हणजे हेच, शिबिरात मला हेच शिकवलं होतं. माझी पिशवी मोटारसायकलला अडकवलेली होती. पिशवीत थर्मामीटर होता. फेटा सोडून पाणी मारलं, टेम्पोत घालून नायगावच्या रस्त्याला लावलं. निम्म्या वाटेवरून टेम्पो परत आला. गणपतराव गेले होते.

थर्मामीटर पिशवीतच राहिला.

दत्ताच्या चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मामा, लग्नघर हाय. उन्हानं मेला म्हनून लिहिलं तर पोस्टमार्टम, पोलीस, चौकशी लागंल. माणूस तर गेला. आता हाल कशाला?"

मला ते पटलं. या घरावर एवढा एक उपकार करावा असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर चौकशीचा मोठा फॉर्म भरायचा मलाही कंटाळा होता. ताप मोजलेला नाही, डॉक्टरनं पाहिलेला नाही, मग कशाच्या आधारावर लिहिणार, असं मनाला समजावलं. ग्रामपंचायतीच्या वहीत 'हृदयविकार' लागलं. त्या दिवशी चार वाजता मी फोन केला. उष्माघात? निरंक.

उपकार कुणावर झाला ते नंतर कळलं. माणूस उन्हानं गेला, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग तो कशानं गेला? गावानं आठ दिवसांत उत्तर शोधलं. सून पांढऱ्या पायाची. उंबरा ओलांडायच्या आत सासरा खाल्ला. ऊन सुटलं, मीरा सापडली.

दत्ता चांगला होता, त्यानं तिला सोडलं नाही. पण सासूबाई, कौसाबाई, तिच्याशी कामापुरतंच बोलत. भावकीत हळद असली की पाच सवाष्णींत मीराला धरत नसत. ती मागं उभी राहायची, नाहीतर पाणी भरायला निघून जायची. पुढं ती आशाताई झाली, म्हणजे गावातल्या बाळंतिणींची, लसीकरणाची काळजी घेणारी बाई. आठ-नऊ वर्षं तिनं माझ्याबरोबर काम केलं. अडलेल्या बाईला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायला मीरा लागायची, आणि त्याच बाईच्या डोहाळजेवणाला मीराला बोलावणं नसायचं. मी हे सगळं पाहत होतो. मला कारण माहीत होतं. मी गप्प बसलो. एवढी वर्षं गेल्यावर आता काय बोलायचं, असं दरवर्षी म्हणत आणखी एक वर्ष घालवायचो.

मी निवृत्त होऊन नांदेडला राहायला आलो. दोन उन्हाळ्यांमागं, एप्रिल अखेरीला मीराचा फोन आला.

"मामा, नांदेडच्या कालेजातल्या डाक्टर पोरी आल्यात गावात. उन्हाळ्यातल्या जुन्या मयती लिहून राहिल्यात. तुमी या."

"माझं काय काम?"

ती म्हणाली, "आमच्या घरी बी आल्या व्हत्या. कागद मीच लिहून राहिले व्हते."

गेल्यावर सगळं कळलं. डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष खेड्यात काढायला आलेल्या तीन मुली होत्या. त्यांची म्होरकी श्रुती, लातूरची, डाळमिलमधल्या मुकादमाची मुलगी. ज्या घरात उन्हाळ्यात माणूस गेलं, त्या घरी बसून त्या शेवटच्या दिवशी काय काय झालं ते तासातासानं विचारायच्या. घाम येत होता का? बरळत होता का? काय खाल्लं, किती पाणी प्यायला? कौसाबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घाम-बिम काय इचारता? पायगुन म्हना अन् लिवा." आणि ज्या बाईकडं बोट केलं, तीच समोर पेन घेऊन बसलेली होती.

श्रुतीनं विचारलं, "त्यांच्या अंगाला शेवटी हात कुणी लावला होता?"

कौसाबाई म्हणाल्या, "मलेरियावाल्या मामानं."

म्हणून मला फोन.

मीरानं मला उपकेंद्राच्या पायरीवर बसवलं आणि चहा दिला. धाकट्या दिराचं, संतोषचं लग्न ठरलं होतं. वीस दिवसांवर आलेलं. पत्रिका छापून आल्या होत्या, दुपारी बारा चाळीस. ती म्हणाली, "मामा, म्या रोज आभाळाकडं बघून राहिले. ह्या टायमाला मंडपात कोनी बी पडलं, उगं चक्कर येऊन जरी पडलं, तरी माझंच नाव येईल. मंग मला त्या घरात जागा न्हाई. माझ्या दोन लेकरांनी काय करायचं?"

मी विचारलं, "लग्नाची वेळ बदला म्हणालीस का?"

"म्या म्हनू? मी तोंड उघडलं की म्हनतील, पुन्ना नाट लावला."

श्रुतीला हे माहीत होतं. एक मेच्या ग्रामसभेत तिनं विषय घेतला : बारा ते चार लग्न लावू नये. सकाळी नऊला लावावं. मंडपात मीठ-साखरेचं पाणी आणि एक खाट ठेवावी, आणि वरबापाला आधी जेवू घालावं. चावडीपुढच्या शेडमध्ये पन्नास-साठ माणसं होती. बायका कडेला, त्यांत कौसाबाई.

सरपंच हसले. "नऊला? नऊला नवरदेव आंघूळ तरी करंल का?"

सगळे हसले. गुरुजींना विचारलं, सकाळचा मुहूर्त मिळतो का? गुरुजी म्हणाले, "मुहूर्त सकाळचेबी असतेत, कोनी मागत न्हाई."

एक म्हातारा उठला. "आमच्या बापजाद्यांची लग्नं दुपारीच लागली. ऊन काय आज उगवलं?"

श्रुतीनं त्याला नीट उत्तर दिलं. आजोबा, तुमच्या वेळी रात्र गार होती, अंगाला रात्री विसावा मिळायचा. आता रात्री अंग निवत नाही, सकाळी उठायच्या आधीच शरीर दमलेलं असतं. त्यावर दुपारचं ऊन, वर उपास. ती स्वतः लातूरला क्लासच्या काळात पत्र्याच्या खोलीत अभ्यास करताना दोनदा बेशुद्ध पडली होती, तेही सांगितलं. तिच्या बोलण्यात पुस्तकी काही नव्हतं.

मग चुलते उठले, तेच दत्ताचे चुलते. "बाई, तुमी डाक्टर. डाक्टरनं दवाखान्यात बसावं. लग्नाच्या टायमाशी तुमचं काय काम?"

श्रुती म्हणाली, "काका, दवाखान्यात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून इथं आले."

चुलते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आजवर ह्या गावात उन्हानं कोन मेलं? सरकारी कागदावर एक तरी नाव दाखवा."

ग्रामसेवकानं वही चाळली आणि मान हलवली. नाही. एकही नाही.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझा निरंक माझ्यासमोर साक्षीला उभा राहिला होता, आणि साक्ष माझ्याच नावानं देत होता. मीरा खांबाजवळ उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाहिलं असतं तर मला उठायला सोपं गेलं असतं. गुडघ्यावर हात टेकवून मी उठलो.

"कागद माझा आहे," मी म्हणालो, "आणि तो खोटा आहे. गणपतराव उन्हानं गेले. मी त्यांच्या अंगाला हात लावला होता. माझ्या पिशवीत थर्मामीटर होता, मी तो काढला नाही. मला कळलं होतं काय झालं ते. तरी मी निरंक लिहिलं. लातूरला मी पिवळा रंग बघितल्याशिवाय एका टँकरची नोंद केली नाही, आणि माझ्या पंगतीतला माणूस गेला तेव्हा न मोजता लिहून मोकळा झालो. या पोरीचा पाय काळा-पांढरा काही नाही. माझा कागद खोटा होता."

चुलते खाली बघत बसले. मग बायकांमधून कौसाबाईंचा आवाज आला.

"भाऊ, आंग लई तापलं व्हतं?"

"हाव, वहिनी. हात ठेववत नव्हता."

"पानी पाजलं असतं तर वाचले असते?"

हा प्रश्न मी स्वतःला कित्येकदा विचारलेला होता. "सांगता येत नाही," मी म्हणालो. "सकाळपासून पाजलं असतं, सावलीत बसवलं असतं, तर पडलेच नसते कदाचित."

"मंग सांगितलं का न्हाई? अकरा वर्सं?"

त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि घरी गेल्या. मीरा त्यांच्या मागं गेली नाही. उपकेंद्राकडं निघून गेली.

ग्रामसभेनं ठराव केला, पण आपल्या ग्रामसभेसारखाच. 'ज्यांना शक्य असेल त्यांनी' सकाळी लग्न लावावं. सक्ती नाही. श्रुतीचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, सरकारी कागदात 'शक्य असेल' म्हणजे निरंकच समज. संध्याकाळच्या एसटीनं मी नांदेडला परत आलो. सगळं बोलून टाकल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. मला कौसाबाईंचा प्रश्नच ऐकू येत होता.

आठ दिवसांनी दत्ताचा फोन आला. "मामा, टाइम बदलला. सकाळी नऊ पंधरा. आईनं समद्या पाव्हण्यांना सोता फोन लावला. लांबचे आदल्या दिवशी येनार हायेत. तुमी बी आदल्या दिवशी या."

गेलो. जायला लाज वाटत होती, तरी गेलो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात संतोषची हळद होती. बायका जमल्या, सवाष्णी मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवीला नांदेडच्या कुणा मामीला हाका सुरू झाल्या. मीरा नेहमीसारखी हंड्याजवळ होती. कौसाबाई ओट्यावर बसलेल्या, विधवा म्हणून स्वतः हळदीला हात न लावणाऱ्या. तिथूनच म्हणाल्या, "मामीला कशाला बोलावता? घरात सवाष्ण न्हाई का? मीरा, ये. पयली हळद तू लाव."

मीरानं हंडा खाली ठेवला. हात पुसले, पुन्हा पुसले. मला पुढचं नीट दिसलं नाही. चष्मा काढून पुसावा लागला, असं लिहितो.

दुसऱ्या दिवशी अक्षता नऊ पंधराला पडल्या नाहीत. पावणेदहाला पडल्या. नवरदेव खरंच आंघोळीला उशिरा गेला. पण अकराच्या आत पंगती उठल्या होत्या, वरबापाच्या जागी उभ्या असलेल्या दत्ताला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवलं होतं, आणि मंडपात मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन घागरी श्रुतीच्या मैत्रिणी ग्लासानं वाटत होत्या. सरपंच तीन ग्लास प्यायले. गावातल्या पुढच्या दोन लग्नांच्या पत्रिका सकाळच्या आल्या, तिसरी पुन्हा दुपारची आली. एवढंच झालं. याहून जास्त झालं असं मी लिहिणार नाही, खोटं एकदा लिहिलं तेवढं पुरे आहे.

चार वाजता मी ओट्यावर पाहुण्यांसाठी टाकलेल्या सतरंजीवर बसलो होतो. सवयीनं घड्याळ पाहिलं. मीरा आतून बाहेर आली, हळदीचे हात तसेच, कानाला फोन. चारचा आकडा आता गावातून तीच कळवायची.

"काय कळवलंस?" मी विचारलं.

"निरंक," ती म्हणाली आणि हातातली वही माझ्यापुढं धरली. "पन मोजून लिहिलंय, मामा."

सकाळी आठपासून दुपारपर्यंत मंडपातल्या म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायांना, आचाऱ्यांना, वाजंत्र्यांना तिनं थर्मामीटर लावला होता. ओळीनं नावं होती, पुढं आकडे. पहिलं नाव होतं कौसाबाई गणपतराव. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.